दगड पाण्यात हलका झाला, मग उरलेलं वजन गेलं कुठे?

अर्धविराम (धागाकर्ती) · शनिवार, सकाळी १०:१२

माझी भाची आठवीत आहे. प्लावक बलाचा धडा वाचून झालाय, व्याख्या तोंडपाठ आहे: द्रायूत (म्हणजे द्रवात किंवा वायूत) बुडलेल्या वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या द्रायूच्या वजनाइतकं बल वरच्या दिशेने लागतं. विहिरीतून बादली ओढताना ती पाण्याखाली असेपर्यंत हलकी लागते आणि वर आली की हाताला हिसका बसतो, हेही तिला माहीत आहे. पण काल तिने विचारलं, "मावशी, बादली हलकी झाली तर कमी झालेलं वजन गेलं कुठे?"

"कुठे गेलं नाही गं, पाणी तिला खालून ढकलतं."

"मग पाण्याला कोण धरतं?"

इथे मी अडले. म्हणून दोघींनी मोजून पाहायचं ठरवलं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा घेतला (तो दहा-दहा ग्रॅमच्या पायऱ्यांनी आकडा दाखवतो) आणि त्याला दोऱ्याने एक काळा दगड टांगला: ६१० ग्रॅम. खाली एका सपाट डिजिटल काट्यावर (हा एकेक ग्रॅम दाखवतो) पाण्याचं पातेलं ठेवलं: १४५० ग्रॅम. मग दगड हळूच पाण्यात सोडला. पूर्ण बुडवला, पण तळाला किंवा कडेला टेकू दिला नाही.

वरचा काटा ३९० वर आला. हे अपेक्षित होतं. पण खालचा काटा १६६८ दाखवायला लागला!

दगड तर माझ्या हातातल्या काट्याला टांगलेला आहे. तो पातेल्याला शिवलेलासुद्धा नाही. मग पातेलं जड का झालं? सूत्र न वापरता तिला कसं सांगू?

निळीशाई · सकाळी १०:५०

तुमच्या भाचीने धड्यात नसलेला अर्धा भाग विचारलाय. पाणी दगडाला काय करतं ते धडा सांगतो, दगड पाण्याला काय करतो ते बहुतेक वेळा राहूनच जातं.

तुमचेच आकडे शेजारीशेजारी मांडा. वरचा काटा २२० ने उतरला. खालचा २१८ ने चढला. दोन ग्रॅमचा फरक वरच्या काट्याच्या मोठ्या पायऱ्यांमुळे. म्हणजे एकाने जेवढं खाली ठेवलं तेवढंच दुसऱ्याने उचललं. पाणी दगडाला २१८ ग्रॅम वजनाइतक्या बलाने वर रेटतं, तेव्हा दगडही पाण्याला नेमक्या तेवढ्याच बलाने खाली रेटतो. पाणी तो भार पातेल्याकडे देतं, पातेलं काट्याकडे. दगडाचं वजन पूर्ण ६१० च राहिलं. ते दोघांनी वाटून घेतलं, इतकंच.

आणि ६१० ला २१८ ने भागून बघा, २.८ येतं. ही तुमच्या दगडाची सापेक्ष घनता, म्हणजे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या तो किती पट जड आहे ते. काळा दगड म्हणालात, बेसाल्ट असेल तर हा आकडा अगदी जुळतो.

पारदर्शक · सकाळी ११:२५

उत्तर बरोबर आहे, पण "दगड पाण्याला खाली रेटतो" याने माझं समाधान होत नाही. पाणी म्हणजे काही उशी नव्हे. दगडाखालच्या पाण्याला रेटलं तर ते बाजूला सरकेल, तळापर्यंत भार पोचवेल कशाला?

मला खरं कारण पातळीत दिसतं. दगड बुडवला की पाणी वर चढतं. तळावरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, त्यामुळे तळ जास्त दाबला जातो. समजा पातेल्याच्या बाजू सरळ आहेत आणि तळ ३०० चौरस सेंटिमीटर आहे. २१८ घन सेंटिमीटरचा दगड आत गेला की पातळी सुमारे ०.७३ सेंटिमीटर चढेल. ०.७३ गुणिले ३०० म्हणजे पुन्हा २१८ ग्रॅम! काट्याला दगड आणि पाणी यातला फरक कळतच नाही. त्याच्या दृष्टीने पातेल्यात २१८ ग्रॅम पाणी वाढलं.

निळीशाई · सकाळी ११:४०

पारदर्शक, हे माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. दोन्ही एकच आहेत: तुम्ही पाण्याच्या आतून पाहिलंत, मी बाहेरून. फक्त पातेलं वर पसरट असेल तर तळावरचा वाढीव दाब २१८ पेक्षा कमी भरेल आणि उरलेला भार तिरक्या बाजू घेतील. बेरीज मात्र चुकत नाही.

शेवाळ · दुपारी १२:०५

दगड-दोरा काहीच नको. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा, काटा शून्यावर आणा आणि बोट बुडवा. पेल्याला लावू नका. आत्ताच केलं, माझी तर्जनी मुळापर्यंत १७ ग्रॅम. म्हणजे १७ घन सेंटिमीटर! वेड्यावाकड्या आकाराच्या कुठल्याही वस्तूचं आकारमान असं मोजता येईल, हे इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

गणिताचीवही · दुपारी १:३०

हो, प्रयोगशाळेत घनता काढायची ही मान्य पद्धत आहे. मोजपात्रात पातळीची रेघ डोळ्यांनी वाचण्यापेक्षा खूप अचूक.

आता सगळे जमलेच आहेत तर एक कोडं. तराजूच्या दोन पारड्यांत दोन सारखे पेले, दोन्हींत सारखंच पाणी. डाव्या पेल्यात पोलादी गोळी बुडवलेली आहे, पण ती बाहेरच्या स्टँडला दोऱ्याने टांगलेली. उजव्या पेल्यात तेवढ्याच आकाराचा टेबल टेनिसचा चेंडू आहे. तो वर येऊ नये म्हणून पेल्याच्या तळाला दोऱ्याने बांधलाय. दोन्ही पूर्ण बुडालेले. पारडं कुठे झुकेल?

शेवाळ · दुपारी १:४२

पोलाद जड आहे, पण ते स्टँडने धरलंय. उजवीकडे निदान चेंडू तरी पेल्यातच आहे. उजवं पारडं खाली.

पारदर्शक · दुपारी २:१५

समतोल राहील. वरचाच युक्तिवाद लावा: दोन्ही वस्तूंचं आकारमान सारखं, म्हणून दोन्ही पेल्यांत पातळी सारखी, म्हणून तळावरचा दाब सारखा. मग पारडं झुकेल कशाने?

गणिताचीवही · दुपारी ३:००

डावं पारडं खाली जाईल, आणि चांगलं ठसठशीत जाईल.

टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा आणि २.७ ग्रॅमचा असतो. आकारमान साधारण ३३.५ घन सेंटिमीटर. डावीकडे पाणी गोळीला ३३.५ ग्रॅमइतकं वर रेटतं, म्हणून पेल्यावर तेवढाच भार वाढतो. गोळीचं बाकीचं वजन, सुमारे २३० ग्रॅम, स्टँड सांभाळतो. त्याचा पारड्याशी संबंध नाही.

उजवीकडे पेला, पाणी, दोरा, चेंडू हे सगळं मिळून एक गाठोडं आहे. बाहेरून त्याला कुणी धरलेलं नाही. त्यात भर पडली ती फक्त चेंडूच्या २.७ ग्रॅमची. फरक जवळजवळ ३१ ग्रॅम.

पारदर्शक, दोन्ही तळांवर पाण्याचा दाब सारखा आहे हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण उजव्या पेल्याच्या तळाला आणखी एक जण ओढतोय.

पारदर्शक · दुपारी ३:२०

दोरा! चेंडू वर जायला बघतो आणि दोऱ्याने तळाला ३०.८ ग्रॅमइतकं वर ओढतो. पाण्याने खाली दाबलेले ३३.५, दोऱ्याने वर ओढलेले ३०.८, उरले २.७. पटलं. मी पाण्याचा हिशेब केला आणि तळाला आणखी काय बांधलंय ते पाहिलंच नाही.

ताणकाटा · संध्याकाळी ५:४५

धागा आवडला. यानिमित्ताने एका शब्दाबद्दल बोलायचं आहे, कारण माझ्या मते गोंधळाचं मूळ तिथे आहे. पुस्तकात ३९० ग्रॅमला "आभासी वजन" म्हणतात. आभास म्हणजे जे नसून असल्यासारखं वाटतं ते. मुलांच्या मनात मग पक्कं बसतं की पाण्यात वस्तू हलकी *वाटते*, होत नाही.

पण त्या दोऱ्याला विचारा. समजा दोरा ५०० ग्रॅमलाच तुटणारा आहे. हवेत त्याला हा दगड पेलणार नाही. पाण्यात तोच दोरा तोच दगड दिवसभर धरून ठेवेल. दोऱ्याला भास होतात का? बुडालेली जहाजं समुद्रातून उचलणाऱ्या अभियंत्यांना ही गोष्ट जिवावरची असते. जहाज पाण्याखाली असेपर्यंत क्रेनवर जो ताण असतो, तो ते पृष्ठभागाबाहेर येऊ लागल्यावर झपाट्याने वाढतो, शिवाय आत भरलेलं पाणी आता पूर्ण वजनानिशी लोंबकळतं. पाण्यातला आकडा खरा आणि बाहेरचाही खराच.

बदललेलं नाही ते दगडाचं वस्तुमान आणि पृथ्वीची त्याच्यावरची ओढ. बदललाय तो आधार देणाऱ्यांचा वाटा. मी मुलांना शिकवताना "पाण्यातलं वजन" म्हणतो. शब्द साधा आहे आणि खोटं काही सुचवत नाही.

निळीशाई · संध्याकाळी ६:१०

ताणकाटा, शब्दाबद्दलची तुमची तक्रार समजते, पण मी थोडं उलट म्हणेन. मग हवेतलं वजन तरी कुठे "खरं" आहे? आपण सगळे हवेच्या समुद्रात बुडालेलेच आहोत. ७० किलोच्या माणसाचं आकारमान ढोबळमानाने ७० लिटर. एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलोची असते, म्हणजे त्याने ८४ ग्रॅम हवा बाजूला सारलेली असते. काट्यावर उभा राहिला की हे ८४ ग्रॅम हवेने उचललेले असतात.

काटेकोर तोलाईत हे सोडून चालत नाही. प्रमाण वजनांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वजनाच्या धातूची घनता घनमीटरला ८००० किलो आणि हवेची १.२ किलो धरून हिशेब ठरवलाय. एक लिटर पाणी अशा वजनांनी तोललं तर हवेपायी साधारण एक ग्रॅम कमी भरतं. पाणी १.२ ग्रॅम हवा सारतं आणि धातूची वजनं अवघी ०.१५ ग्रॅम, त्यातला हा फरक.

शेवाळ · संध्याकाळी ६:३१

म्हणजे "एक किलो कापूस जड की एक किलो लोखंड" या जुन्या प्रश्नाचं उत्तर "सारखंच" नाही?

निळीशाई · संध्याकाळी ६:४०

वस्तुमान एक किलो असेल तर हवेत कापूस किंचित हलका भरेल. काट्यावर दोघंही बरोबर एक किलो दाखवत असतील तर कापसाचं वस्तुमान किंचित जास्त आहे.

खोलपाणी · रात्री ८:२०

मी पोहणारा माणूस आहे, गणित कमी कळतं. एक शंका. खोल गेलं की दाब वाढतो, कानांना लगेच कळतं. मग खोलवर पाणी जास्त जोरात वर रेटायला हवं. पण श्वास रोखून बुडी मारताना माझा अनुभव नेमका उलटा आहे. वरवर पाणी आपल्याला वर फेकत असतं, आणि काही अंतर खाली गेल्यावर हात-पाय न हलवताही आपण खाली जायला लागतो.

पारदर्शक · रात्री ८:५५

वर रेटणं दाबावर नव्हे, दाबातल्या *फरकावर* ठरतं. दहा सेंटिमीटर उंचीचा ठोकळा घ्या. त्याचा माथा एक मीटर खोल असेल तर माथ्यावर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम आणि तळावर ११०. फरक १०. माथा पन्नास मीटर खोल नेला तर ५००० आणि ५०१०. फरक पुन्हा १०! वरून कितीही दाबलं तरी खालून त्याहून दहा जास्तच.

पाणी स्वतः दाबलं जाऊन फारसं दाटत नाही. महासागराच्या सर्वांत खोल भागातही घनता जेमतेम पाच टक्क्यांनी वाढते. म्हणून दगडाला खोलीने फरक पडत नाही.

तुम्हाला पडतो, कारण तुमच्या छातीत हवा आहे. दहा मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. वर सहा लिटर हवा भरून घेतली असेल तर तिथे तिची तीन लिटर होते. तुम्ही तीन लिटर कमी पाणी सारता, म्हणजे तीन किलोचा आधार गेला. वजन तेच आणि आधार कमी, म्हणून बुडायला लागता.

खोलपाणी · रात्री ९:०२

किती वर्षं हे शरीराला माहीत होतं आणि डोक्याला नव्हतं. मनापासून आभार.

ताणकाटा · रात्री ९:३०

खोलपाणी, बुडी मारताना आणखी एक गोष्ट पाहिली असेल. पाण्यात तुम्ही वरही जात नाही आणि खालीही, असे स्थिर असता तेव्हा अगदी वजनरहित वाटतं. अंतराळवीर याच स्थितीत सराव करतात. ह्यूस्टनजवळ नासाचा तलाव आहे: सुमारे ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद, १२ मीटर खोल, २ कोटी ३५ लाख लिटर पाणी. पण ती वजनरहित स्थिती नव्हे, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाणी फक्त बाहेरून, कातडीवर किंवा पोशाखावर आधार देतं. आतल्या रक्तावर, पोटातल्या अवयवांवर पृथ्वीची ओढ जशीच्या तशी असते. उलटं व्हा, रक्त डोक्याकडे उतरतं. कक्षेत फिरणाऱ्या यानात असं होत नाही, कारण तिथे यान आणि माणूस दोघंही एकत्र पडत असतात आणि कुणीच कुणाला आधार देत नाही.

अशा पडणाऱ्या यानात पाण्यातला बुडबुडा वर येत नाही. "वर" उरतच नाही ना! पाण्याला वजन नसेल तर दाबातला फरक नाही, आणि फरक नाही तर प्लावक बल नाही. जमिनीवरही पाहता येतं: प्लास्टिकच्या बाटलीला खाली भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडं ठेवून उंचावरून सोडा. पडत असेपर्यंत भोकातून धार येत नाही.

गणिताचीवही · रात्री १०:१५

आता एक कठीण भाग. व्याख्येत "द्रायूत बुडलेल्या वस्तूवर" असं म्हणतात, पण एक अट न सांगता गृहीत धरतात: वस्तूच्या *खाली* द्रायू असला पाहिजे. वर रेटणारा दाब खालूनच येतो. खाली पाणी शिरलंच नाही तर?

यावर माझा सर्वांत आवडता प्रयोग आहे. प्लास्टिकची दोन लिटरची बाटली मध्ये कापा आणि वरचा भाग झाकण काढून उलटा धरा, नरसाळ्यासारखा. त्यात टेबल टेनिसचा चेंडू टाका, तो तोंडावर जाऊन बसेल. चेंडू बोटाने दाबून धरा आणि वरून भराभर पाणी ओता. बारा-एक सेंटिमीटर पाणी साचलं की बोट काढा.

चेंडू वर येत नाही. पाण्याच्या बारापट हलका चेंडू पाण्याखाली निमूट बसून राहतो. खालून थोडं पाणी गळत राहील, गळू द्या.

आता तळहाताने खालचं तोंड बंद करा. गळणारं पाणी चेंडूखाली साचतं, आणि चेंडू उसळी मारून वर!

हिशेबही जमतो. चेंडूला वर आणणारं बल ३३.५ उणे २.७, म्हणजे ३०.८ ग्रॅमइतकं. बाटलीचं तोंड आतून २१-२२ मिलिमीटर, क्षेत्रफळ साधारण ३.७ चौरस सेंटिमीटर. तेवढ्या भागाला खालून पाण्याचा दाब मिळत नाही, तिथे मोकळी हवा आहे. बारा सेंटिमीटर पाणी असेल तर १२ गुणिले ३.७, म्हणजे ४४ ग्रॅमचा आधार कमी पडला. ४४ हे ३०.८ पेक्षा जास्त, म्हणून चेंडू अडकून राहतो. पाणी गळत गळत आठ-नऊ सेंटिमीटरच्या खाली आलं की हात न लावताही तो सुटायला हवा.

गाळात रुतलेली जड वस्तू उपटताना तिच्या पाण्यातल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो, त्यामागे हेही एक कारण आहे. खाली पाणी शिरायला वाट मिळाली की काम सोपं होतं.

शेवाळ · रात्री ११:०४

केलं! दोनदा फसलं, कारण पाणी हळू ओतत होतो आणि बोट लवकर काढत होतो. तिसऱ्यांदा बसलं. हात लावल्यावर चेंडू जो उडाला, घरातले सगळे गोळा झाले. नंतर न झाकता वाट पाहिली. पट्टी धरून बघितलं, साधारण आठ सेंटिमीटरला सुटला.

अर्धविराम (धागाकर्ती) · रविवार, सकाळी ९:३०

रात्री धागा बघितला नव्हता, सकाळी भाचीबरोबर बसून पूर्ण वाचला. चेंडूचा प्रयोग आज करणार आहोत. तिचा मध्येच एक प्रश्न: आर्किमिडीजने राजाच्या सोन्याच्या मुकुटातली भेसळ पकडण्यासाठी तुडुंब भरलेल्या भांड्यातून सांडलेलं पाणी मोजलं असं गोष्टीत आहे. मग हे वजनाचं सूत्र त्यात कुठून आलं?

ताणकाटा · सकाळी १०:२०

गोष्ट जुनी आहे, पण आर्किमिडीजच्या स्वतःच्या लेखनात ती नाही. इ. स. पूर्व २१२ मध्ये त्याचं शहर सिराक्यूज रोमनांच्या हाती पडलं तेव्हा तो मारला गेला. मुकुटाची हकीगत आपल्याला व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाकडून कळते, आणि तो त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहीत होता.

सांडलेल्या पाण्याने भेसळ पकडणं किती अवघड आहे ते मोजू. समजा मुकुट एक किलोचा. शुद्ध सोन्याची घनता १९.३, म्हणून आकारमान सुमारे ५१.८ घन सेंटिमीटर. सोनाराने ३०० ग्रॅम सोनं काढून तेवढी चांदी (घनता १०.५) घातली असेल तर आकारमान ६४.८. फरक १३ घन सेंटिमीटर. मुकुट मावायला भांडं निदान २० सेंटिमीटर व्यासाचं लागेल. त्यात १३ घन सेंटिमीटरने पातळी फक्त ०.४ मिलिमीटर हलते! काठाशी पाणी फुगून राहतं, थेंब चिकटून राहतात, त्यातच हा फरक बुडून जाईल.

आता दुसरी रीत. तराजूच्या एका टोकाला मुकुट, दुसऱ्याला एक किलो शुद्ध सोनं. हवेत समतोल. मग दोन्ही टोकं पाण्यात बुडवा. भेसळीचा मुकुट १३ ग्रॅम जास्त पाणी सारतो, म्हणून १३ ग्रॅमने हलका होतो आणि दांडी त्या बाजूने वर जाते. तेरा ग्रॅम कुठलाही बरा तराजू दाखवेल. गॅलिलिओला सांडलेल्या पाण्याची गोष्ट पटली नव्हती. १५८६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने पाण्यात तोलायच्या अशाच एका तराजूचं वर्णन लिहिलं आणि आर्किमिडीजने हेच केलं असणार असं मत मांडलं.

मलाही तेच वाटतं. ज्या माणसाने तरंगणाऱ्या वस्तूंचे नियम सिद्ध केले तो सांडलेलं पाणी कशाला मोजेल?

पारदर्शक · सकाळी १०:४८

अर्धविराम, भाचीसाठी माझ्याकडूनही एक प्रश्न. तळ्यात होडी आहे, होडीत दगड आहे. दगड उचलून तळ्यात टाकला आणि तो बुडाला. तळ्याची पातळी वाढेल, उतरेल की तशीच राहील? उत्तर इथे कुणी देऊ नका. काट्याचा प्रयोग तिने केलाय, तिला जमेल.

खोलपाणी · सकाळी ११:१५

मला वाटतं वाढेल, दगड पाण्यात गेला ना. पण आता माझ्या वाटण्यावर माझाच भरवसा राहिलेला नाही, थांबतो.

अर्धविराम (धागाकर्ती) · संध्याकाळी ७:०५

तिने कसा विचार केला ते तिच्याच शब्दांत लिहिते, मी फक्त टंकते आहे.

"पूर्ण तळं काट्यावर ठेवलंय असं समजायचं. दगड होडीत असला काय आणि पाण्यात असला काय, काटा तेवढंच दाखवणार, कारण बाहेरून कुणीच धरलेलं नाही. होडीत असताना दगडाचे सगळे ६१० ग्रॅम पाण्याने धरलेले असतात. तळाला गेल्यावर पाणी फक्त २१८ धरतं आणि बाकीचे ३९२ तळाची जमीन धरते. पाण्याला आता कमी धरायचंय. म्हणून त्याला तेवढं उंच राहावं लागत नाही. पातळी उतरणार."

मी म्हटलं, किती उतरणार तेही सांग. मोठं सरळ बाजूंचं पातेलं घेतलं, व्यास २४ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ४५२. प्लास्टिकचा डबा ही होडी. ३९२ भागिले ४५२, म्हणजे ८.७ मिलिमीटर, असं तिने आधी कागदावर लिहून ठेवलं. मग डब्यात दगड ठेवून पातळीवर पेनाने रेघ मारली, दगड काढून हळूच पाण्यात सोडला, रिकामा डबा तरंगता ठेवला आणि दुसरी रेघ मारली.

दोन रेघांमध्ये पट्टीने साडेआठ मिलिमीटर भरले. पेनाची रेघच अर्ध्या मिलिमीटरची जाड आहे, असं तिचं म्हणणं. आता तिला बारीक टोकाचं पेन हवंय.

पारदर्शक · संध्याकाळी ७:२०

"पाण्याला आता कमी धरायचंय." हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं.

खोलपाणी · संध्याकाळी ७:४४

आणि दगड पाण्यात न टाकता होडीला खालून दोरीने बांधून लोंबकळता ठेवला तर?

अर्धविराम (धागाकर्ती) · संध्याकाळी ८:१०

विचारलं. दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, "मग तळाची जमीन कशाला धरेल? सगळे ६१० पुन्हा पाण्याकडेच. पातळी होडीत दगड होता तेव्हाएवढीच." डब्याला दोरा बांधायला गेली आहे.